साचेखात्याच्या खिडकीतले दोन शब्द

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षे वाचते आहे. खरे सांगायचे तर हातात लाल पेन असल्यासारखे वाचते. इथे पुरावा नाही, इथे लेखक अर्धवट झोपेत असावा, इथे घटना आधी आणि भीती नंतर लिहायला हवी होती... असे शेरे मनातल्या मनात मारत जाते. माझे आयुष्य प्राथमिक शाळेत मराठी शिकवण्यात गेले. भूत, चकवा, हडळ हे शब्द मी मुलांना शिकवले ते केवळ शब्द म्हणून — लिंग कोणते, अनेकवचन काय होते, एवढ्यापुरते. त्यापलीकडे त्यांना काही अर्थ असेल असे मला कधी वाटले नाही. आजही वाटते असे मी म्हणणार नाही. पण एक घटना अशी आहे की तिच्यापुढे कोणता शेरा मारावा हे मला अजून सुचलेले नाही. म्हणून ती जशी घडली तशी, क्रमाने लिहिते.

गावाचे नाव देत नाही. अकोला आणि अमरावती यांच्या मधे, पूर्णेला मिळणाऱ्या एका नदीच्या काठी आमचे गाव आहे. गाव म्हणजे खरे तर एक कापड मिल आणि तिच्याभोवती जमलेली माणसे. नदीच्या अलीकडे कामगारांची चाळ — तिला आम्ही 'लाइन' म्हणतो — आणि शाळा. नदीच्या पलीकडे मिल, भाजीबाजार आणि अकोल्याचा रस्ता. दोन्हींना जोडणारा एक जुना दगडी पूल आहे. पुलाचे पलीकडचे टोक मिलच्या भिंतीला जवळजवळ खेटून जाते. तिथे भिंतीत गज लावलेल्या खिडक्यांची एक रांग आहे. पुलावरून चालणाऱ्याला त्या डोक्याच्या जरा वर दिसतात. हे साचेखाते. साचे म्हणजे कापड विणायचे यांत्रिक माग.

मिल बंद होऊन काही वर्षे झाली. साचे भंगारात गेले, चिमणी उभी आहे, आवारात बाभळी माजल्या आहेत. कामगारांपैकी कुणी अकोल्यात ऑटो चालवतो, कुणी एटीएमबाहेर खुर्ची टाकून बसतो. पण मिल आमच्या कानांतून गेलेली नाही. ज्यांनी साचेखात्यात आयुष्य काढले, त्या सर्वांना कमी ऐकू येते. त्यामुळे लाइनमध्ये टीव्ही मोठ्याने लागतात आणि दोन माणसे ओरडून बोलत असली तर ती भांडत आहेत असे कुणी समजत नाही.

आणि दुसरी गोष्ट अशी की, ही माणसे आवाजाशिवायही बोलतात. साचे चालू असताना कानाशी तोंड नेऊन ओरडले तरी ऐकू जात नसे. म्हणून ओठ मोठे हलवून, शब्द चेहऱ्याने उच्चारायची रीत पडली. रांगांपलीकडचा माणूस ती सहज वाचत असे. पुढे ही रीत घरांत आली. डबा घेऊन आलेल्या बायका पुलावरूनच खिडकीतल्या नवऱ्याशी बोलून परत फिरत. आजही देवळात कीर्तन चालू असताना दोन म्हातारे विणकर सभामंडपाच्या दोन टोकांना बसून गावभरच्या गप्पा मारतात, आणि बुवांना पत्ता लागत नाही. माझे यजमान साचेखात्यात जॉबर, म्हणजे साचे दुरुस्त ठेवणारे मुकादम, होते. लग्न होऊन मी अमरावतीहून इथे आले तेव्हा सहा महिने मला वाटत होते की सासरचे लोक मला पाहून तोंड वेंगाडतात.

या भाषेत एक मोठी अडचण आहे. ती कळली नाही तर पुढचे काहीच कळणार नाही, म्हणून वाचकांनी क्षणभर आरशासमोर उभे राहावे. आवाज न काढता 'मामा' म्हणावे, मग 'बाबा' म्हणावे. ओठ दोन्ही वेळा सारखेच हलतील. प, फ, ब, भ, म ही पाचही अक्षरे ओठ मिटून उघडल्याने होतात. कानाला ती वेगळी, डोळ्याला एकच. आमच्या शेजारच्या सुलोचनाबाईंनी एकदा पुलावरून नवऱ्याला कळवले की "मामा आले". बाईंचे वडील फार कडक होते. त्यांचे यजमान भाऊसाहेब बिचारे "बाबा आले" असे समजून पाळी सुटल्यावरही घरी आले नाहीत, आणि इकडे मामांसाठी केलेली कोंबडी गार झाली. अशी फसगत होऊ नये म्हणून विणकर शब्दाबरोबर हाताची खूण करतात. हात मोकळे असले तर.

आता घटना.

आमची मुलगी प्रणाली पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. नववा महिना लागला होता. जावई अकोल्याला नोकरीत, आणि तिथल्याच एका दवाखान्यात तिचे नाव घातलेले. पावसाळ्याचे शेवटचे दिवस. वर मेळघाटच्या बाजूला पाऊस लागून होता आणि नदी मातकट पाण्याने फुगलेली होती, पण पुलाच्या कमानी अजून दिसत होत्या. गावात पाऊस थांबला होता. सकाळची वेळ, उजेड स्वच्छ. यजमान आणि मी बाजारातून भाजी घेऊन परत निघालो होतो.

पुलावर पाय ठेवला तेव्हा हे थांबले. मी यांच्या नजरेच्या दिशेने वर पाहिले.

साचेखात्याच्या खिडकीत एक माणूस उभा होता. बनियन घातलेला, केसांवर आणि भुवयांवर कापसाचे पांढरे तंतू — पाळी चालू असताना विणकर दिसत तसाच. त्याने दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरले होते. तो आमच्याकडे पाहत होता. नुसता पाहत नव्हता, आम्ही वर बघण्याची वाट पाहत होता असे मला वाटले. मग त्याने ओठ मोठे हलवून दोन शब्द उच्चारले. थांबला. तेच दोन शब्द पुन्हा उच्चारले. चेहऱ्यावर राग नाही, घाई नाही... वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला कळावे म्हणून आपण सावकाश सांगतो, तसे. त्यानंतर तो खिडकीतून खाली गेला.

"काय म्हणाला हो तो?" मी खात्रीसाठी ओठांनीच विचारले.

"चाल तू. घरी सांगतो."

"ओळखीचा होता का?"

"आपल्या पाळीचा नव्हता," एवढेच हे बोलले आणि झपाझप चालू लागले. एरवी पुलावर उभे राहून पाण्याची उंची बघितल्याशिवाय यांचा पाय निघत नाही.

घरी प्रणाली आतल्या खोलीत पडून होती. तिने ऐकू नये म्हणून आम्ही स्वयंपाकघरात ओठांनीच बोललो. म्हणजे खरे तर भांडलो. मी इथे आवाजात बोलल्यासारखे लिहिते आहे, पण त्या वेळी खोलीत कुकरशिवाय कशाचा आवाज नव्हता.

"पूल जाईन म्हनला थो," हे म्हणाले.

"मूल जाईल, म्हणाला."

"काहून? आपल्या साचेखात्यात लेकराले मूल म्हननारा एक दाखव मले. लेकरू म्हनते, पोट्टं म्हनते. मूल तुह्या पुस्तकात रायते, मास्तरीनबाई."

"पण माझ्याशी बोलताना लोक मूलच म्हणतात. आणि तो माझ्याकडे पाहत होता."

"थो पुलाकडं पाहून रायला होता."

"हातांनी काय दाखवले त्याने?"

पूल म्हणायचे असेल तर विणकर पालथ्या हाताची कमान करतात. मूल म्हणायचे असेल तर हातांची झोळी करून हलवतात. तो गज धरून उभा होता. हात मोकळे नव्हते. व्याकरणाचीही मदत नव्हती. 'पूल गेला' आणि 'मूल गेले' यांत शेवटचा स्वर वेगळा पडतो आणि तोंड वेगळे उघडते. पण भविष्यकाळात तो, ती, ते — तिन्हींना 'जाईल' एकच. वर्गात मी हे कितीतरी वेळा शिकवले असेन. त्या दिवशी मला ते पहिल्यांदा भीतिदायक वाटले.

"मुळात तो कुणीतरी भंगारचोर असेल," मी म्हणाले, "आणि आपण दोघे शहाणी माणसे..."

हे माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. मी वळले. प्रणाली दाराला टेकून उभी होती. आम्ही विसरलो होतो की ती लाइनमध्ये वाढलेली मुलगी आहे. बोलायला शिकायच्या आधी ती बापाचे ओठ वाचायला शिकली होती.

"किती वेळची उभी आहेस?" मी विचारले.

"आई," ती आवाजात म्हणाली, "सकाळपासून थे हललंच नाही. मले वाटलं झोपलं असन. मी गोड खाऊन पाह्यलं, कुशीवर झोपून पाह्यलं. तुम्ही घाबरान म्हून सांगतलं नाही."

दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरबाईंनी दोन प्रश्न विचारले आणि लगेच निघा, वाटेत कुठे थांबू नका, असे सांगितले. लाइनमधल्या रहीमभाईंची व्हॅन दारातच होती. आम्ही पुलाच्या तोंडाशी आलो. तिथे यांनी रहीमभाईंच्या खांद्यावर हात ठेवून व्हॅन थांबवली.

"फिरून चाल," हे म्हणाले. "वरच्या बंधाऱ्याकडून."

"दादा, काहून?" रहीमभाईंनी मान वळवली. "फिरून गेलो तं अकोला दुपारनंतर दिसन. थो रस्ता हाये का, नांगरलेलं वावर हाये."

"पुलावरून नाही."

"पानी कमानीच्या खाली हाये अजून. आताच एसटी गेली समोरून. तुमी लढाईवर चालले का दवाखान्यात?"

पाणी खाली होते हे खरे. पण सकाळपेक्षा चढले होते हेही खरे, आणि त्यात एक बाभळीचे अख्खे झाड वाहत येऊन मधल्या खांबाला अडकले होते. मी त्या वेळी काय विचार करत होते ते प्रामाणिकपणे लिहिते. तो माणूस 'मूल' म्हणाला असेल, तर एक मिनिटही दवडायचे नव्हते आणि पूल हाच रस्ता होता. तो 'पूल' म्हणाला असेल, तर या पुलावर चाक घालायचे नव्हते. आणि तो कुणीच नसेल, तर इथे थांबून विचार करणे हाच वेडेपणा होता. माझ्या डोळ्यांसमोर ते ओठ मिटत होते, उघडत होते. मी यांच्याकडे पाहिले, नदीकडे पाहिले, पुन्हा यांच्याकडे पाहिले.

प्रणालीने आमच्या दोघांच्या मनगटांना धरले आणि आमचे चेहरे आपल्याकडे वळवले. बापाला कळावे म्हणून ती ओठ मोठे करून, सावकाश बोलली.

"बाबा, पूल गेला तं आपुन सारे संगं जाऊ. उशीर झाला तं थे एकटं जाईन. त्याले एकट्याले नाही जाऊ देत मी."

मग यांनी रहीमभाईंच्या खांद्यावर थोपटले आणि मान हलवली.

पूल मोठा नाही. एरवी मी शाळेतून बाजारात जाताना तो कधी संपला ते कळत नसे. त्या दिवशी व्हॅन सावकाश चालली होती आणि खालून दगडात घुमणारा आवाज सीटमधून अंगात येत होता. यांना तो ऐकू येत नव्हता, पण यांनी तळहात व्हॅनच्या पत्र्यावर सपाट दाबून ठेवला होता — साचा बिघडला की जॉबर त्याच्या अंगावर हात ठेवून बघतात, तसा. प्रणाली डोळे मिटून पोटाशी काहीतरी पुटपुटत होती. रहीमभाई बिस्मिल्ला म्हणाले ते मी ऐकले. खिडक्यांच्या खालून जाताना मी वर पाहिले नाही. पाहायला हवे होते असे नंतर वाटले, पण तेव्हा मान वर झाली नाही.

आम्ही पलीकडे पोचलो.

अकोल्यात तिला थेट ऑपरेशनला घेतले. मुलगी झाली. गळ्याभोवती नाळेचे वेढे होते आणि ती रडली नाही. आत तिला रडवायला बराच वेळ लागला. बाहेर बाकावर हे माझ्या तोंडाकडे पाहत बसले होते, कारण रडणे ऐकू आले की मीच यांना सांगणार होते. शेवटी ते ऐकू आले. मी फक्त हातांची झोळी करून हलवली. यांनी तोंड भिंतीकडे वळवले.

डॉक्टरबाई नंतर म्हणाल्या, "आणखी उशीर केला असता तर मी तुम्हाला काही सांगू शकले नसते." त्यांना आम्ही खिडकीबद्दल बोललो नाही.

मग तुम्ही म्हणाल की प्रश्न सुटला, तो 'मूल' म्हणाला होता. मीही तसेच म्हणाले असते. पण त्याच दिवशी संध्याकाळी लाइनमधून फोन आला. आम्ही गेल्यानंतर बंधाऱ्याचे पाणी सोडले, ते पुलावरून गेले, आणि उतरल्यावर पाहतात तो मधल्या खांबाचे पुढचे दगड वाहून गेलेले आणि कमानीला वरपासून खालपर्यंत भेग. पुढे त्यावर थोडे सिमेंट थापले गेले. 'जड वाहनास बंदी' अशी पाटी लागली. बंदी पाळत कोणी नाही. पूल उभा आहे.

घरी परतल्यावर मी जमेल तेवढी चौकशी केली. मिलचे चौकीदार वानखडे यांनी साचेखात्याचे कुलूप उघडून दाखवले. कुलूप गंजलेले होते, आत पायांचे ठसे नव्हते. आणि आत उभे राहिल्यावर एक गोष्ट ध्यानात आली, जी बाहेरून कधीच कळली नसती. साचेखात्याची जमीन पुलाच्या पातळीपेक्षा बरीच खाली आहे. खिडक्या आतून माणसाच्या डोक्याच्या पुष्कळ वर येतात.

"मग पूर्वी विणकर खिडकीत कसे उभे राहत?" मी विचारले.

"साच्यावर चढून," हे म्हणाले. "साच्याच्या फ्रेमवर पाय ठुयाचा, मंग गज धरायचे."

"आता साचे कुठं हायेत, जॉबरसाहेब?" वानखडे म्हणाले. "माकड असन थे. नाहीतर तुमाले चहा कमी पडला असन."

गजांना लोंबकळलेला चोर, असेही मी स्वतःला सांगून पाहिले. धोक्याची सूचना देणारा चोर असू शकतो. पण लोंबकळणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर ताण दिसतो, आणि तो दोन शब्द सांगून मधे थांबत नाही. थकव्याने झालेला भास म्हणावे, तर तो दोघांना एकाच वेळी, एकाच खिडकीत, एकाच बनियनमध्ये कसा व्हावा? प्रणालीच्या काळजीने आम्ही दोघे आतून पोखरलो होतो हे मान्य. पण पुलाचे काय? पुलाची काळजी त्या सकाळी गावात कुणालाच नव्हती.

हे कितीतरी दिवस बाजारात जाताना त्या खिडकीखाली थांबत. एकदा मी यांना ओठांनी काहीतरी विचारताना पाहिले. हे विचारत होते, "पूल का मूल?" आणि मधेच थबकले, कारण ओठांवर तो एकच शब्द दोनदा होत होता. मग हातांची कमान करून दाखवली, नंतर झोळी करून दाखवली. बाजारातून येणाऱ्या बायका बाजूने वळून गेल्या. खिडकीत कुणी नव्हते. त्यानंतरही कुणी दिसलेले नाही.

माझ्याकडे याचे स्पष्टीकरण नाही. कुणाकडे असेल तर मला ते वाचायला आवडेल, माझ्या समजुतीला धक्का देणारे असले तरी. माझी अडचण मात्र स्पष्टीकरणाने सुटेल असे वाटत नाही. त्या दिवशी मूल गेले नाही. पूलही गेला नाही. दोन्ही जाता जाता राहिले. आणि 'जाईल' या शब्दात केव्हा, हे कुठेच लिहिलेले नसते.

नात आता चालते. प्रणाली महिन्यातून एकदा तिला घेऊन येते. मी प्रत्येक वेळी फोनवर सांगते, बंधाऱ्याकडून फिरून या. ती म्हणते, "आई, त्या रस्त्यानं पोरगी ओकून ओकून अर्धी होते. आमी पुलावरून येऊन राहिलो."

मग आम्ही दोघे पुलाच्या तोंडाशी जाऊन उभे राहतो. पलीकडून गाडी पुलावर चढते. तेवढा वेळ आम्ही एकमेकांशी बोलत नाही, आवाजात नाही आणि ओठांनीही नाही. हे मधल्या खांबाकडे पाहत असतात. मी काचेमागे, आईच्या मांडीवर उभ्या असलेल्या त्या मुलीकडे.